देवळे बांधणारी आणि माग मांडणारी

औंढ्याच्या नागनाथाला आपण परभणीकर पिढ्यान्‌पिढ्या जात आलो आहोत. 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि औंढा कागदोपत्री आपल्यातून गेले. पण महाशिवरात्रीच्या गर्दीला ही बातमी अजून कोणी कळवलेली दिसत नाही. दर्शनाची धक्काबुक्की आटोपली की देवळापासून थोडे लांब जाऊन वर बघावे. खालचा भाग काळ्या दगडाचा, कोनाकोनांनी फिरलेला, हत्ती, देवता, सुरसुंदरी यांनी गच्च भरलेला. नजर वर चढली की एके ठिकाणी नक्षी थांबते आणि फिक्या रंगाचे, साधे बांधकाम सुरू होते. जीर्ण लुगड्याला नवा पदर जोडावा तसा हा सांधा आहे आणि तो लपवण्याचा खटाटोप कोणी केलेला नाही. वरचे काम अहिल्याबाई होळकरांच्या जीर्णोद्धारातले, हे औंढ्यातले शाळकरी पोरही सांगते.

त्या काळी हा मुलूख निजामाचा. अहिल्याबाईंचे राज्य माळव्यात, नर्मदेच्या काठी. म्हणजे बाईंनी परक्याच्या राज्यातल्या देवळावर आपला पैसा खर्च केला. परळीचा वैजनाथ, वेरूळचा घृष्णेश्वर, 1780 मध्ये काशीचा विश्वनाथ, 1783 मध्ये सोमनाथ, 1787 मध्ये गयेचे विष्णुपद. ही यादी आपल्याला पाठ असते. 31 मे च्या जयंतीला चौकाचौकांत पिवळे झेंडे लागतात, हातात शिवलिंग घेतलेली पांढऱ्या वस्त्रातली मूर्ती मिरवते आणि भाषणातून हीच यादी पुन्हा ऐकायला मिळते. ती ऐकावीच, कारण ती खरी आहे.

पण माझी सारी नोकरी बँकेत गेली. कर्जाचे अर्ज तपासता तपासता डोळ्याला एक खोड जडते. पैसा कुठे खर्च झाला, हे वाचून मन भरत नाही. त्या पैशातून पुढे कोणाची चूल पेटली आणि ती किती वर्षे पेटत राहिली, हे शोधावेसे वाटते. अहिल्याबाईंच्या चरित्राकडे मी या खोडीनेच बघतो. मग देवळांच्या यादीच्या खाली, बारीक अक्षरात लिहिल्यासारखी एक नोंद दिसते. माहेश्वरचे माग. आज अडीचशे वर्षे होत आली, पण ती नोंद बंद झालेली नाही.

ही बाई मोठ्या घरात जन्मलेली नव्हती. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात चोंडी नावाचे गाव आहे. तिथल्या माणकोजी शिंदे पाटलांची ही लेक. जन्म 31 मे 1725 चा. पुण्याकडे निघालेल्या मल्हारराव होळकरांचा मुक्काम चोंडीला पडला, देवळात त्यांनी ही आठ वर्षांची चुणचुणीत पोर पाहिली आणि सून म्हणून मागणी घातली, अशी कथा सगळे सांगतात. 1733 मध्ये खंडेरावांशी लग्न झाले. मल्हारराव धनगराच्या घरात जन्मून तलवारीच्या जोरावर माळव्याचे सुभेदार झालेले. त्यांनी सुनेला लिहायला, वाचायला, हिशेब बघायला शिकवले. स्वतः स्वारीवर असले की पाठीमागचा वसूल, दाणागोटा, तोफांची व्यवस्था हे सगळे सून बघे. मराठी घरातल्या सासऱ्याने सुनेच्या हाती पदराऐवजी चोपडी दिली, ही अठराव्या शतकातली घटना आहे, हे ध्यानात ठेवावे.

1754 मध्ये भरतपूरकर जाटांच्या कुंभेरीच्या किल्ल्याला मराठ्यांनी वेढा घातला होता. त्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई तेव्हा एकोणतिशीच्या आतच होत्या. मालेराव आणि मुक्ता ही दोन लेकरे पदरात. सती जाण्याची तयारी झाली होती. म्हाताऱ्या सासऱ्याने गयावया करून सुनेला चितेपासून परत फिरवले. त्या परतल्या, पण रंग मात्र तिथेच ठेवून आल्या. पुढची एकेचाळीस वर्षे त्यांनी पांढऱ्या वस्त्राखेरीज दुसरे काही नेसले नाही. दागिना म्हणाल तर गळ्यात एक लहानशी माळ. त्यांच्या निधनानंतर वीस-पंचवीस वर्षांनी जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यात हिंडून, त्यांना पाहिलेल्या माणसांकडून माहिती गोळा केली, तेव्हा लोकांनी हे आवर्जून सांगितले. ही पांढरी वस्त्रे वाचकांनी लक्षात ठेवावीत. पुढे मागापाशी आल्यावर त्यांचा संबंध येणार आहे.

1766 मध्ये मल्हारराव गेले. गादीवर मालेराव बसला, पण वर्षही पुरते भरले नाही तोच 1767 मध्ये तोही गेला. नवरा, सासरा, मुलगा. घरात कर्ता पुरुष उरला नाही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांना वाटले, आता एखादे लहान मूल दत्तक द्यावे आणि कारभार आपण बघावा. त्यांनी राघोबादादांना बोलावणे धाडले. दादा फौज घेऊन निघालेही. अहिल्याबाईंनी शेजारच्या सरदारांकडे मदतीसाठी पत्रे पाठवली, पुण्याला माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली आणि दादांपर्यंत निरोप पोहोचवला. त्याचा अर्थ असा की, बाईशी लढून जिंकलात तरी शोभा नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही. दादा परत फिरले. माधवरावांनी कारभार बाईंकडे ठेवला. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे दिले आणि दौलतीचा हिशेब आपल्या हाती ठेवला. राज्य चालवायचे तर तलवार दुसऱ्याला देता येते, खतावणी देता येत नाही, हे या बाईला पक्के ठाऊक होते.

आता राजधानी. इंदूर त्यांनी सोडले आणि नर्मदेच्या काठावरचे माहेश्वर निवडले. पुराणातली माहिष्मती ती हीच, असे मानतात. किल्ला होता, घाट होते, नदी होती. पण शहर थकलेले होते. बाईंनी स्वतःसाठी जो वाडा बांधला तो आजही किल्ल्यात आहे. राजवाडा म्हणून बघायला जाणारा माणूस तिथे हिरमुसतो. लाकडी खांबांचा, मधे चौक असलेला तो वाडा आपल्याकडच्या एखाद्या देशमुखाच्या गढीत सहज खपून जाईल.

त्यांचा दिवस कसा जाई तेही माल्कमने नोंदले आहे. सूर्योदयाआधी तासभर उठायचे, स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, मग साधे जेवण आणि थोडी विश्रांती. दुपारी दरबारात येऊन बसायचे ते सूर्यास्तापर्यंत. तक्रार घेऊन येणाऱ्याला मज्जाव नसे. संध्याकाळची पूजा झाली की रात्री पुन्हा दोन तास कामकाज. निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे वेळापत्रक भिंतीवर लावून ठेवायला हरकत नाही.

या कारभाराची एक रीत होती. माळव्याच्या घाटांत भिल्ल वाटसरूंना लुटत. आधी बंदोबस्त केला, पण नुसत्या बंदोबस्ताने भागत नाही, हे पाहिल्यावर बाईंनी त्यांना पडीक जमीन दिली आणि त्यांच्या डोंगरातून जाणाऱ्या मालावर ठरावीक कर घेण्याचा हक्क मान्य केला. त्याला भिलकवडी म्हणत. बदल्यात रस्त्याची राखण भिल्लांनी करायची आणि त्यांच्या हद्दीत चोरी झाली तर भरून द्यायची. माणसाच्या हाताला काम द्यायचे, त्याचा मोबदला ठरवायचा आणि जबाबदारी त्याच्याच गळ्यात घालायची, अशी ही रीत. विणकरांच्या बाबतीत त्यांनी हेच केले.

माहेश्वरला कापड पूर्वीपासून होत असे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उत्तम सुती कापडाच्या प्रदेशांत महिष हे नाव येते आणि ते याच भागाचे असल्याचे बरेच अभ्यासक मानतात. पण बाई आल्या तेव्हा ही विद्या विझू लागली होती. त्यांनी सुरत, बऱ्हाणपूर, मांडू अशा ठिकाणांहून कारागीर बोलावून वसवले, असे माहेश्वरात सांगतात. त्यांत मारू समाजाचे हिंदू विणकर होते, मोमीन मुसलमान विणकर होते. गावोगावी देवळे उभी करणाऱ्या या बाईच्या राजधानीत धोटा हिंदूच्याही हातात होता आणि मुसलमानाच्याही. काठी चालणाऱ्या पूजेला लागणारे सोवळे कोणाच्या मागावर विणले, याची चौकशी झाल्याचे कुठे ऐकिवात नाही.

कारागीर बोलावणे सोपे असते, त्याला टिकवणे अवघड. इथे मला माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगितली पाहिजे. ऐंशीच्या दशकात मी एका लहान शाखेत होतो. गाव आणि योजना यांची नावे घेण्यात अर्थ नाही. हातमागासाठी कर्जे वाटण्याचा वरून हुकूम आला. अर्ज भरले गेले, माग आले, उद्घाटनाला हार-नारळही झाले. दोन वर्षांनी वसुलीच्या फाइली घेऊन त्याच घरांत हिंडणे भाग पडले, तेव्हा बऱ्याच मागांवर गोधड्या वाळत होत्या. एका घरात मागाच्या चौकटीला पाळणा बांधला होता आणि त्यात मूल झोपले होते. लाकूड चांगले होते, माणूसही कसबी होता, सूत उधारीवर मिळत होते. विणलेले कापड विकत घ्यायला मात्र कोणी नव्हते. योजनेच्या कागदात सगळ्यांसाठी रकाने होते, गिऱ्हाइकासाठी नव्हता.

अहिल्याबाईंनी गिऱ्हाइकापासून सुरुवात केली. पहिले गिऱ्हाईक सरकारवाडा. दरबारी येणाऱ्या पाहुण्यांना, सरदारांना, नातलगांना मानवस्त्र देण्याची आपल्याकडे रीतच होती. ही वस्त्रे परमुलखातून आणण्यापेक्षा माहेश्वरातच विणून घ्यायची असे ठरले. पुरुषांसाठी पागोटी, बायकांसाठी नऊवारी लुगडी. आहेर घेऊन पाहुणा पुण्याला गेला, ग्वाल्हेरला गेला, की ते लुगडे तिथल्या वाड्यातल्या बायकांनी हाताळायचे आणि कुठले म्हणून विचारायचे. जाहिरातीवर दमडी न खर्चता माल सगळ्या मराठी दौलतीत पोहोचला. पहिल्या लुगड्याचा आराखडा बाईंनी स्वतः काढून दिला, असेही माहेश्वरची माणसे अभिमानाने सांगतात.

मागाचे काम कसे चालते हे न पाहिलेल्यांसाठी थोडे सांगतो. आमच्या सूनबाईंनी गेल्या दिवाळीला टेबलावर मावणारा एक छोटा माग मागवला आहे. रिजिड हेडल लूम असे त्याचे नाव. हौशी लोक त्यावर मफलर, रुमाल, टेबलावरच्या पट्ट्या विणतात. एक लाकडी चौकट, तिच्या दोन टोकांना दोन रूळ आणि मधे एक उभी ताठ फणी. फणीच्या दर दोन काड्यांमध्ये फट आणि प्रत्येक काडीच्या मधोमध भोक. उभे धागे, म्हणजे ताणा, ओवताना एक धागा फटीतून, दुसरा भोकातून, असे आळीपाळीने घ्यायचे. फणी वर उचलली की भोकातले धागे वर येतात, फटीतले जागीच राहतात, मधे बोगदा तयार होतो. त्यातून आडवा धागा, म्हणजे बाणा, सोडायचा. फणी पुढे ओढून तो ठोकून बसवायचा. मग फणी खाली दाबायची. आता भोकातले धागे खाली जातात, उलटा बोगदा होतो, बाणा परत फिरतो. नातवंडे अर्ध्या तासात शिकली. किनार सरळ यायला मात्र त्यांना आठवडा लागला, कारण बाणा ओढून धरला की कापड मधे आवळते आणि सैल सोडला की कडेला फुगे येतात. सूनबाईंचा उपाय असा की बाणा सरळ न घालता जरा तिरका घालावा, मग ठोकावा. त्यामुळे त्याला वळसे घ्यायला पुरेशी लांबी मिळते.

या खेळण्यातल्या मागात आणि माहेश्वरच्या मागात तत्त्वाचा फरक नाही. छोट्या मागावर एकच फणी तीन कामे करते. धागे अंतरावर ठेवते, वरखाली करते आणि बाणा ठोकते. साडीच्या मागावर ही कामे वाटून दिलेली असतात. धागे वरखाली करते ती वही, अंतर राखते आणि ठोकते ती फणी. वही पायाने चालते, म्हणून दोन्ही हात धोट्याला मोकळे राहतात. साडीच्या ताण्यात काही हजार धागे असतात आणि एकेक वहीतून आणि फणीतून ओवावा लागतो. एक चुकला तर साडीभर रेघ दिसते. म्हणून ताणा संपत आला की विणकर तो कापून काढून टाकत नाही. जुन्याच्या टोकाला नव्याचे टोक असे एकेक करून हजारो धागे जोडतो आणि मग पुढे ओढून घेतो.

माहेश्वरीचे अंग साधे असते, काठात आणि पदरात कला असते. काठासाठी ताण्यातले निवडक धागे वेगळे उचलले जातात आणि त्यातून नक्षी उमटते. ही नक्षी किल्ल्याच्या दगडातून आलेली आहे. चटई, वीट, हिरा, चमेलीचे फूल ही नावे काठांनाच पडली आहेत. नर्मदेच्या पाण्यावरून उठलेली नागमोडी लहर आहे. पदराला पाच पट्टे. आणि जुन्या पद्धतीच्या काठाला बुगडी म्हणतात, तो दोन्ही बाजूंनी नेसता येतो, त्याला उलट-सुलट नाही. मूळची माहेश्वरी बारीक सुताची होती. ताण्यात रेशीम आणि बाण्यात सूत हा आजचा प्रकार नंतरच्या काळातला आहे.

आणि हे सगळे रंग ज्या बाईच्या आश्रयाने मागावर चढले, ती स्वतः त्यातले एकही लुगडे नेसली नाही. मंजिष्ठाचा लाल, हळदीचा पिवळा, निळीचा निळा, हे तिने दुसऱ्यांसाठी ठेवले. मराठी घरात अशा आत्या-मावश्या आपण पाहिल्या आहेत. स्वतः पांढऱ्या लुगड्यात, पण भाचीच्या लग्नाला काठाचा रंग निवडायला सर्वांत पुढे. आपल्या आतला रंग त्या मरू देत नाहीत, नुसता दुसरीच्या अंगावर घालतात.

मुक्ता ही त्यांची अशी हौस पुरवायची जागा असेल. चोर-लुटारूंचा बंदोबस्त जो करील त्याला मुलगी देईन, असे बाईंनी जाहीर केले आणि यशवंतराव फणसे या तरुणाने ते करून दाखवले, असे सांगतात. त्यांना मुलगा झाला. तोच आजीचा जीव. हा नातू तरुणपणीच गेला. पाठोपाठ 1791 मध्ये यशवंतराव गेले. आणि मुक्ताबाईने सती जायचे ठरवले.

ज्या चितेपासून सासऱ्याने आपल्याला परत आणले, तीच चिता आता लेकीपुढे होती. अहिल्याबाईंनी विनवण्या केल्या, पाया पडल्या. सारे राज्य ज्यांचा शब्द झेलत होते, त्यांचा शब्द लेकीने मानला नाही. मुलगा गेला, नवरा गेला, तूही जाशील, मग मी कोणासाठी उरू, असा मुक्ताबाईचा विचार होता. त्याला उत्तर देणे कोणत्याही आईला जमले नसते. बाई चितेपर्यंत चालत गेल्या. दोघा ब्राह्मणांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून ठेवले होते. सगळे संपल्यावर त्यांनी नर्मदेत स्नान केले आणि तीन दिवस जवळजवळ काही खाल्ले नाही. हे माल्कमने लिहून ठेवले आहे.

विधवांना नवऱ्याची मालमत्ता बाळगता यावी म्हणून झगडणारी, वारस नसलेल्यांचे धन सरकारजमा करायला नकार देणारी, अशी त्यांची ख्याती आहे. तरी सतीची चाल त्या मोडू शकल्या नाहीत, स्वतःच्या घरातही नाही. त्यांना देवी म्हणून मखरात बसवले की हा भाग सांगायची अडचण होते, म्हणून भाषणांतून तो गाळला जातो. मला तो महत्त्वाचा वाटतो. सत्तेने काय होते आणि काय होत नाही, हे त्यात आहे. शिवाय मुक्ताबाईनंतरही त्या चार वर्षे जगल्या आणि दरबार चालूच होता. दुपारी येऊन बसायचे, रात्री दोन तास हिशेब बघायचे. 13 ऑगस्ट 1795 ला, वयाच्या सत्तराव्या वर्षी, माहेश्वरात त्यांनी देह ठेवला.

आता जरा सातासमुद्रापलीकडे बघू. ज्या 1733 साली चोंडीच्या आठ वर्षांच्या मुलीचे लग्न झाले, त्याच साली इंग्लंडात जॉन के नावाच्या माणसाने दोरीच्या झटक्याने धावणाऱ्या धोट्याचे पेटंट घेतले. अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतल्यावर दोनच वर्षांनी, 1769 मध्ये, आर्कराइटने पाण्यावर चालणारे सूतकताईचे यंत्र आणले. 1785 मध्ये कार्टराइटचा यंत्रमाग आला. म्हणजे इकडे नर्मदेकाठी बाई माग वसवत होत्या, त्याच वर्षांत तिकडे त्या मागांच्या मुळावर येणारी यंत्रे तयार होत होती. बाईंना याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. 1818 मध्ये होळकरांनी इंग्रजांशी तह केला, त्याच वर्षी राजधानी माहेश्वरहून इंदूरला गेली. पहिले गिऱ्हाईकच उठून गेले. मागोमाग विलायती मिलचे स्वस्त कापड आले, मग देशी मिलचे. माहेश्वरचे माग एकेक करून थंडावत गेले. 1947 नंतर संस्थानच राहिले नाही, तेव्हा उरलासुरला आश्रयही संपला.

पण ताणा पुरता तुटला नव्हता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला होळकर घराण्यातले रिचर्ड होळकर आणि त्यांच्या अमेरिकन पत्नी सॅली होळकर यांनी माहेश्वरात रेहवा सोसायटी सुरू केली. नर्मदेच्या रेवा या नावावरून हे नाव. मोजके माग, मोजक्या बायका, अशी सुरुवात. पूर्वी माग पुरुषाचा आणि कांड्या भरणे, सूत सोडवणे बायकांचे. आता बायका मागावर बसल्या. त्यांच्या लेकरांसाठी शाळा निघाली. आणि संस्थेने पहिल्यापासून साड्या दिल्ली-मुंबईच्या गिऱ्हाइकापर्यंत नेण्याची खटपट केली. सॅली होळकरांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. आज माहेश्वरच्या गल्ल्यांतून चालताना घराघरातून खटखट ऐकू येते. माहेश्वरी साडीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. यंत्रमागावरच्या नकला बाजारात आहेतच, मजुरीची रडही आहे. पण माग चालू आहे.

दोनशे वर्षांच्या अंतराने दोन सुनांनी एकच काम केले, असे मला वाटते. एक चोंडीहून आली, दुसरी अमेरिकेतून. दोघींनीही विणकराला दान न देता त्याच्या कापडाला नेसणारा शोधून दिला.

हे सगळे परभणीच्या पानावर कशासाठी, असे कोणी विचारील. आपला जिल्हा कापसाचा. मानवत आणि सेलूच्या बाजारात हंगामात पांढऱ्या गाड्यांची रांग लागते. कापसाच्या वाणांवर संशोधन करणारे केंद्र आणि कृषी विद्यापीठ आपल्या शहरात आहे. बोंड वेचणारे हात आपले, सरकी काढणारे जिनिंग आपले. गाठ बांधली की कापूस जिल्ह्याबाहेर जातो आणि लग्नसराईत साडी होऊन, त्यावर सूतकताई, रंग, विणकाम, दलाली, वाहतूक असे सगळे चढून, आपल्याच दुकानात परत येतो. मधल्या वाटेवर जेवढे हात लागतात, त्यांतला परभणीचा हात क्वचितच असतो. भाव पडला की ज्या घरात रात्र काढणे अवघड होते, ते घर मात्र परभणीचे असते. या घरांतली कर्जखाती मी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. पीक येऊनही खाते बुडते ते का, हे त्या खात्यांतच लिहिलेले असते. कापूस विकणाऱ्याला भाव ठरवता येत नाही, कापड विकणाऱ्याला थोडाफार येतो.

म्हणून जयंतीच्या मंडपात बसलो की माझ्या मनात एक साधा हिशेब येतो. मूर्तीला हार घालायचा, मिरवणूक काढायची, हे सगळे व्हावे. पण एखाद्या गावाने त्या दिवशी चार माग मांडावेत आणि माग मांडण्याआधी वर्षभराचे गिऱ्हाईक ठरवून ठेवावे. जिल्ह्यातल्या शाळांचे सतरंजीचे, रुग्णालयांचे चादरींचे, लग्नघरांचे टॉवेल-टोप्यांच्या आहेराचे काम त्या मागांकडे द्यायचे ठरले, तरी दहा घरांची चूल चालेल. आहेराचा टॉवेल आपण एरवीही कुठून तरी विकत आणतोच. तो कोणी विणला, एवढेच विचारायचे आहे. माहेश्वरच्या सरकारवाड्याने आहेराची वस्त्रे गावातच विणून घ्यायची ठरवली, तेव्हा तिथेही यापेक्षा फार वेगळे काही घडलेले नव्हते.